लाइट गेली की डुकरांचं पाणी तुटतं. टाकी आणि निप्पल नेमके कसे बसवू?

सडेकरीण (सावंतवाडी तालुका)
१२ मे, रात्री ९.४०

नमस्कार. इथं बरेच दिवस वाचते आहे, लिहायची वेळ आज आली.

आमची वाडी सड्याच्या उतरणीला. घरामागं चिऱ्यांची तीन खणांची शेड आहे. एका खणात पंधरा दिवसांपूर्वी व्यायलेली मादी आणि तिची नऊ पिल्लं, दुसऱ्यात गाभण मादी, तिसऱ्यात विक्रीसाठी वाढवलेली आठ डुकरं होती, तीस-चाळीस किलोची. आता सात आहेत.

गेल्या आठवड्यात माझ्या माहेरी लग्न होतं. आम्ही दोघं दोन रात्री बाहेर, घरी फक्त सासूबाई. आम्ही निघालो त्याच संध्याकाळी वळवाचा पाऊस झाला, गडगडाट, वारा, आणि लायनीवर झाड पडलं. दोन दिवस लाइट नाही. आमच्या बावीवर मोटर आहे, मोटरचं पाणी शेडजवळच्या ५०० लिटरच्या टाकीत आणि तिथून निप्पलला, म्हणजे डुकरानं तोंडानं दाबला की पाणी देणाऱ्या नळाला. टाकी भरून गेलो होतो, म्हणून मला काळजी नव्हती. पण डुकरांच्या खणातला एक निप्पल तांबड्या गाळानं अडकून उघडा राहिला होता आणि रात्रभर वाहत होता. टाकी कधी रिकामी झाली कुणालाच कळलं नाही.

सासूबाई सत्तरीच्या. माद्यांच्या खणात सिमेंटच्या डोणी आहेत, त्या कोरड्या दिसल्या तशा त्यांनी बावीतून कळशी कळशी शेंदून भरल्या. डुकरांच्या खणात डोण नाही, नुसते निप्पल. निप्पल भिंतीला लावलेले दिसत होते, म्हणजे पाणी आहे असंच त्यांना वाटलं. डुकरं नीट खाईनात, तेव्हा त्यांना रुची यावी म्हणून कोंड्या-भरड्यात सुक्या माशांची शिजवलेली डोकी आणि ते खारट पाणी नेहमीपेक्षा जास्त घातलं. हे त्या रडत सांगत होत्या. त्यांचा काही दोष नाही, दाखवून मीच गेले नव्हते.

आम्ही तिसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. डुकरं अशी ओरडत होती की रस्त्यावर ऐकू येत होतं. मी बादल्या आणल्या, दोन घमेली भरली, त्यांनी एका दमात संपवली, परत भरली, परत संपवली. मला वाटलं चला, वाचली. संध्याकाळी एक डुक्कर कुत्र्यासारखं बसलं. मान वर करून झटके देत होतं, मग उठून मागं मागं चालत भिंतीला आपटलं. आडवं पडून पाय झाडायला लागलं. फोनला रेंज नव्हती. पहाटे गेलं. दुसरं एक दोन दिवस आंधळ्यासारखं फिरत होतं, ते सावरलं.

शेजारी म्हणाले पान लागलं असेल, म्हणजे साप चावला असेल. मला तसं वाटत नाही. नेमकं काय झालं? आणि हे परत होऊ नये म्हणून टाकी केवढी, किती उंचावर, गाळाचं काय करू? निप्पल काढून सगळीकडं डोणी बांधू का? जरा सविस्तर सांगा, मी सगळं करायला तयार आहे.

---

जनावरांची_डॉक्टर (कुडाळ)
१२ मे, रात्री ११.०५

ताई, वाचून फार वाईट वाटलं. तुम्ही जी लक्षणं लिहिली आहेत, कुत्र्यासारखं बसणं, मान वर करून झटके, मागं चालणं, न दिसणं, ती पाणी तुटल्यामुळं होणाऱ्या मिठाच्या विषबाधेची आहेत. झटके येणारे दुसरे आजारही आहेत, स्वाइन फीव्हर, मेंदूच्या आवरणाची सूज. म्हणून मेलेल्या जनावराचं शवविच्छेदन झालं असतं तर खात्री झाली असती. पण दोन दिवस पाणी नाही, खारट खाणं, आणि भरपूर पाणी प्यायल्यावर काही तासांत झटके, हा क्रम इतका सरळ आहे की मला फारशी शंका वाटत नाही.

होतं असं. पाणी नसलं की रक्तातलं सोडियम वाढतं, आणि हळूहळू मेंदूतही साठतं. मग अचानक पोटभर पाणी मिळालं की रक्त लवकर पातळ होतं, मेंदूतलं मीठ मात्र तिथंच असतं. ते पाणी ओढून घेतं आणि मेंदूला सूज येते. कवटीत सुजायला जागा कुठं असते? खाण्यात मीठ जास्त असलं तर हे लवकर होतं, पण साध्या खुराकावरही होतं. उलट पाणी भरपूर असेल तर डुक्कर बरंच मीठ पचवतं. म्हणजे खरा घात पाण्यानंच होतो.

एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी. चोवीस तासांहून जास्त तहानलेल्या डुकरापुढं भरलेली घमेली ठेवू नका. चाळीस किलोच्या डुकराला एका वेळी पाव लिटरपेक्षा कमी, साधारण २०० मिली, दर तासाला. सगळ्यांना एकदम सोडलं तर दांडगं डुक्कर दुसऱ्याचं पिऊन टाकतं, म्हणून शक्य असेल तर वेगवेगळं करा. ती ओरडतील, ते ऐकवत नाही, तरी हात आवरायचा. खारट खाणं लगेच बंद. आणि डॉक्टरांना बोलवा, कारण झटके सुरू झाल्यावर घरी करण्यासारखं फार काही उरत नाही.

सासूबाईंना सांगा, पाणी तुटलेलं जनावर आधी खाणं सोडतं. डुक्कर खात नसेल तर पहिल्यांदा निप्पल दाबून बघायचा.

---

कुळागरवाला (सांगे, गोवा)
१३ मे, सकाळी ६.२०

ताई, मी बावीस वर्षं डुकरं पाळतो. माझ्या आईच्या काळात ती गावभर फिरायची, ओहोळावर प्यायची, चिखलात लोळायची, कुणी पाणी मोजत नव्हतं. आपण त्यांना चार भिंतींत बांधलं त्या दिवसापासून प्रत्येक थेंब आपल्या हातून जायचा आहे. त्यांना कुठं जाऊन शोधता येत नाही.

आधी तुमचा हिशेब करू. व्यायलेली, नऊ पिल्लांना पाजणारी मादी उन्हाळ्यात ३० ते ३५ लिटर पिते, कधी त्याहून जास्त. गाभण १५ धरा. सात डुकरं, प्रत्येकी ५ लिटर, ३५ झाले. पिल्लांचं अजून थोडंच, पण दूध आहे म्हणून त्यांना पाणी नको असं समजू नका. एकूण ८५ ते ९०. निप्पलखाली सांडतं ते धरून १२०. धुण्याचं पाणी वेगळं. म्हणजे तुमची ५०० लिटरची टाकी चार दिवसांची होती. ती लहान नव्हती. टाकी मोठी घेऊन हा प्रश्न सुटणार नाही.

वाहणारा निप्पल बघा. बारीक धार म्हणजे मिनिटाला २०० मिली धरा. तासाला १२ लिटर, दिवसाला २८८. वर डुकरं पितात ते. दीड दिवसात टाकी कोरडी. एक हजाराची घेतली असती तर तीही अडीच दिवसांत गेली असती.

म्हणून मी एक मोठी टाकी ठेवतच नाही. दोन लहान ठेवतो, आणि दोन्हीचे कॉक एका वेळी उघडत नाही. एक चालू, एक भरून बंद. चालू असलेली संपली तर काहीतरी बिघडलंय हे कळतं, आणि ते शोधायला दुसरी हाताशी असते. शिवाय प्रत्येक खणाला वेगळा कॉक हवा, म्हणजे एक निप्पल खराब झाला तर तेवढाच बंद करता येतो.

दुसरं. तुमच्या सासूबाईंनी डोणी भरल्या कारण डोण रिकामी असली तर डोळ्यांना दिसते. निप्पल रिकामा असला तरी भरल्यासारखाच दिसतो. मला तुमच्या सगळ्या लिहिण्यात ही गोष्ट सगळ्यांत मोठी वाटली. टाकीच्या तळाला एक टी (तीन तोंडांचा जोड) लावून पारदर्शक नळी बाहेरून वरपर्यंत उभी बांधा. टाकीत जेवढं पाणी तेवढं नळीत दिसेल. नळी अशा बाजूला ठेवा की चुलीपाशी बसलेल्या माणसाला दारातून दिसेल. नळीवर दोन दिवसांच्या पाण्याच्या उंचीला लाल दोरा बांधा. पाणी दोऱ्याखाली गेलं की हाक मारायची.

निप्पल काढू नका. डोणीत डुकरं पाय घालतात, हगतात, पाणी सारखं बदलावं लागतं, आणि नऊ पिल्लांच्या खणात उघडी खोल डोण म्हणजे बुडायची भीती. पण प्रत्येक खणात निप्पलबरोबर एक लहान, जड, उथळ डोण असू द्या. लाइट नसताना माणसाला कळशीनं पाणी घालायला जागा हवी. पाजणाऱ्या मादीला तर डोण हवीच. तिला उभं राहून निप्पल चावत बसायचा कंटाळा येतो, ती कमी पिते, मग दूध कमी होतं.

सुक्या माशांची डोकी घालायची तर आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, ते पाणी ओतून द्या, मग शिजवा. आम्ही तसंच करतो.

---

ठिबकवाला (निपाणी)
१३ मे, दुपारी १.१५

डुकरांतलं मला कळत नाही, पाइपांतलं कळतं. ताई, टाकी किती उंचावर आहे आणि निप्पल जमिनीपासून किती उंच आहेत? शेडपर्यंत पाइप केवढा, किती लांब? आणि एक लिटर भरायला किती वेळ लागतो ते मोजून सांगा.

---

सडेकरीण
१४ मे, रात्री ८.३०

डॉक्टरताई, काका, दादा, तुमचे किती आभार मानू. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी डोळ्यांनी बघितलं ते बरोबर होतं, न दिसणारं राहून गेलं."

आज सकाळी दुधाचं लिटरचं माप आणि मोबाइलमधलं घड्याळ घेऊन बसले. डुकरांच्या खणातला पहिला निप्पल: ३ मिनिटं १० सेकंद. दुसरा नवीन बसवलाय, तो २ मिनिटं. गाभण मादीचा १ मिनिट २० सेकंद. हे चांगलं की वाईट मला माहीत नाही, पण ३ मिनिटं दाबून धरताना माझाच अंगठा दुखायला लागला.

टाकी तीन थर चिऱ्यांवर, पावणेदोन फूट. डुकरांचे निप्पल पावणेदोन फुटांवरच. पाइप अर्धा इंची, काळा, जमिनीवरून साठ फूट, उन्हात. दुपारी पहिलं पाणी हात भाजेल इतकं गरम येतं. निप्पल विकणाऱ्यानं कसला दाब लागतो ते काही सांगितलं नव्हतं.

डॉक्टरताई, पुढच्या आवारात लोळायला खड्डा आहे, मेमध्ये कोरडाच असतो. त्यात पाणी सोडू का?

---

ठिबकवाला
१४ मे, रात्री १०.००

कारण सापडलं. टाकीचा तळ आणि निप्पल एकाच पातळीत. टाकी भरलेली असते तेव्हा वरच्या पाण्याचा थोडा दाब मिळतो, ती निम्मी झाली की तोही निम्मा. पाण्याची उंची एक मीटर असेल तर दाब ०.१ बार, दोन मीटर असेल तर ०.२. निप्पल दोन प्रकारचे येतात, मोटरच्या दाबाचे आणि टाकीच्या कमी दाबाचे. तुमचा पहिला खोलून बघा. आत प्लॅस्टिकची बारीक भोकाची चकती असेल. काही निप्पलांत ती उलटी बसवली की मोठं भोक मिळतं. तसं नसेल तर कमी दाबाचा आणा.

टाकी निप्पलच्या दीड ते दोन मीटर वर हवी. त्यासाठी चिऱ्यांचा मनोरा बांधू नका. ५०० लिटर पाणी म्हणजे ५०० किलो वजन, पावसात पाया खचला तर शेडवरच येईल. तुम्ही म्हणालात वाडी उतरणीला आहे. मग टाकी वरच्या अंगाला न्या. तिथं जमिनीवर चिऱ्याचा एक थर पुरे. उतारच तुम्हाला दाब देईल, फुकट.

तिथून शेडपर्यंत पाऊण इंची किंवा एक इंची पाइप, अर्धा इंची फक्त शेवटच्या निप्पलपुरता. पाइप सतत खाली उतरता हवा. मधे कुठं उंचवटा राहिला की तिथं हवा अडकते आणि पाणी पुढं जात नाही. हातभर खोल पुरा, म्हणजे ऊन लागणार नाही. कातळ लागून खणता आलं नाही तर वर माती आणि माडाची झापं टाका.

तांबडा गाळ म्हणजे जांभ्यातलं लोखंड. बावीत ते विरघळलेलं असतं, पाणी नितळ दिसतं, हवा लागली की गंज होऊन खाली बसतं. म्हणून ते टाकीतच बसू द्यायचं, पाइपात नाही. टाकीत पाणी भोकं पाडलेल्या पाइपातून, पावसासारखं वरून पडू द्या. रात्रभर ठेवा. डुकरांचा पाइप तळापासून चार बोटं वरून काढा, आणि अगदी तळाला वेगळा कॉक लावून आठवड्यातून एकदा गाळ सोडा. पुढं ठिबकला लावतात तो जाळीचा फिल्टर बसवा, त्याची जाळी हातानं काढून धुता येते. शेडमधल्या पाइपाच्या शेवटच्या टोकाला बूच न लावता कॉक लावा, तो उघडला की पाइपात साठलेलं सगळं धुऊन जातं.

---

जनावरांची_डॉक्टर
१५ मे, सकाळी ७.१०

मोजलंत हे फार चांगलं केलंत. वाढत्या डुकराला निप्पलमधून मिनिटाला एक लिटर यायला हवं, मादीला दोन लिटर. म्हणजे तुमचं माप डुकरांच्या खणात एका मिनिटात भरलं पाहिजे, मादीकडं अर्ध्या मिनिटात. तीन मिनिटं लागत असतील तर डुक्कर तहान भागायच्या आत कंटाळून निघून जातं. दांडगी डुकरं निप्पल अडवून बसतात, लहानांना संधीच मिळत नाही. तुमची डुकरं लाइट असतानाही अर्धी तहानलेली होती असं मला वाटतं. वजन हवं तसं वाढत नव्हतं का?

खड्ड्याबद्दल. डुकराला घाम जवळजवळ येत नाही, म्हणून उन्हाळ्यात अंग भिजणं त्याची गरज आहे. पण खड्ड्यात पाणी साठवून ठेवू नका. त्यात ती मुततात आणि तेच पितात, लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंचा ताप, पसरायला तेवढं पुरतं. सिंधुदुर्गात लेप्टो माणसांनाही होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. शेड धुताना गमबूट घाला, पायाला जखम असेल तर उतरूच नका. दुसरं म्हणजे डास. जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकराच्या अंगात वाढतो, मोठं डुक्कर आजारी दिसतही नाही, आणि भातशेतीतले डास तो माणसांपर्यंत नेतात. त्यापेक्षा दुपारी दोन-तीन वेळा झारीनं अंगावर पाणी मारा आणि वर झापांची सावली करा.

टाकी स्वच्छ केल्यावर ब्लीचिंग पावडर १००० लिटरला चार-पाच ग्रॅम. आधी बादलीत कालवून, निवळ वरची टाकीत, गाळ फेकून.

आणि हॉटेलचं उरलेलं अन्न घालत असाल तर अर्धा तास उकळून. आफ्रिकन स्वाइन फीव्हर २०२० पासून देशात आहे, त्याला औषध नाही. डुकराचं मांस असलेलं तर घालूच नका.

---

सडेकरीण
२१ जून, दुपारी ३.५०

महिन्याभरानं लिहितेय, काम करत होतो.

वरच्या अंगाला फणसाखाली ३०० लिटरचे दोन ड्रम ठेवले. एक चालू, एक बंद, काकांनी सांगितलं तसं. पाइप पुरला. मधे वीस फूट कातळ लागला, तिथं दगडमातीचा बांध घालून झाकला. पाइप एका ठिकाणी उंच राहिला होता आणि दादा म्हणाले तेच झालं, पाणीच येईना. परत उकरून सरळ केला, त्यात एक दिवस गेला. फिल्टर बसवला. पहिल्या आठवड्यात जाळी रोज तांबडीलाल निघायची, आता तीन दिवसांनी धुते. निप्पलखालचं सांडलेलं पाणी पन्हळीनं केळींना जातं.

मापं अशी आहेत. डुकरांचे निप्पल ५५ आणि ५८ सेकंद. गाभण मादीचा २८. हे माप आता सासूबाई घेतात, रोज सकाळी चहाच्या आधी, दुधाचं जुनं माप शेडच्या खुंटीलाच असतं. डॉक्टरताई, वजनाचं तुमचं खरं निघालं. डुकरं खुराक तेवढाच असताना महिन्यात डोळ्यांत भरण्याइतकी वाढली.

पाऊस लागल्यावर एक नवीन गोष्ट सुचली. आमच्याकडं पावसाळ्यात पाण्याला तोटा नाही, लाइटला आहे. नेमकी मोटर बंद असते तेव्हा आभाळ ओतत असतं. म्हणून शेडच्या वरच्या बाजूला लाकडं ठेवायची पत्र्याची पडवी आहे, वीसेक चौरस मीटरची, तिची पन्हळ बंद ठेवलेल्या ड्रममध्ये सोडली. दहा मिलिमीटर पाऊस झाला की २०० लिटर. पहिल्या सरीचं पाणी बाहेर सोडते, पत्र्यावर फणसाची पानं आणि पाखरांची घाण असते. गेल्या आठवड्यात तीन दिवस लाइट नव्हती. नळीतलं पाणी लाल दोऱ्याच्या खाली एकदाही आलं नाही.

पिल्लं परवा दुधावरून तोडली. त्यांच्या निप्पलची उंची सगळ्यांत लहान पिल्लाच्या खांद्याच्या चार बोटं वर ठेवली, आणि पहिले दोन दिवस काडी घालून थेंब थेंब गळत ठेवला, म्हणजे त्यांना पाणी तिथं आहे हे कळावं. आठ पिल्लं शिकली. नववं, सगळ्यांत बारकं, खांदा मोजताना लक्षातच आलं नव्हतं इतकं लहान, त्याचं तोंड पोचत नव्हतं. सासूबाईंनी निप्पलखाली अर्धा चिरा ठेवला. आज सकाळी ते त्यावर पुढचे पाय ठेवून पीत होतं.

---

कुळागरवाला
२१ जून, संध्याकाळी ६.४५

चिरा सिमेंटनं बसवून टाका ताई. पिल्लं थोडी मोठी झाली की नाकानं ढकलून देतील.